गाऱ्हाणे आणि हरकत

कोकणातल्या देवळात जत्रेच्या दिवशी किंवा एखादे गावकार्य सुरू होताना गाऱ्हाणे घातले जाते. गुरव किंवा मानकरी देवासमोर उभा राहतो, बारा-पाचाच्या देवांना हाक घालतो आणि गावाच्या वतीने एकेक मागणे मांडत जातो. प्रत्येक मागण्यावर जमलेली माणसे एका आवाजात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. नवस एकट्याचा असतो, गाऱ्हाणे गावाचे असते. ते मनातल्या मनात म्हणून चालत नाही. ते मोठ्याने, सर्वांच्या देखत आणि नेमक्या शब्दांत मांडावे लागते, आणि बाकीच्यांनी होकार भरल्याशिवाय पुरे होत नाही. म्हणजे गावाचे भले बोलून मागितले पाहिजे आणि त्या बोलण्यात प्रत्येकाचा आवाज हवा, ही समज आपल्या धर्माचारात पूर्वीपासून मुरलेली आहे. मग प्रश्न असा की, डोंगरावरच्या झऱ्यांना आणि व्हाळांना खाणीपासून वाचवणाऱ्या नियमाचा मसुदा सरकार प्रसिद्ध करते, साठ दिवसांत हरकती व सूचना मागवते, आणि त्या साठ दिवसांत आपण गप्प राहतो, तेव्हा त्या गप्प राहण्याला काय म्हणायचे? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याला उदासीनता म्हणतील. माझ्या मते तो अधर्म आहे. हरकत नोंदवणे हे आजच्या काळातले गाऱ्हाणे आहे आणि ते घालणे हे धार्मिक माणसाचे कर्तव्य आहे.

हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. पश्चिम घाटाचे संवेदनशील क्षेत्र ठरवणारी प्रारूप अधिसूचना केंद्र सरकारने पहिल्यांदा मार्च २०१४ मध्ये काढली. त्यानंतर २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि ३१ जुलै २०२४ अशी तिची रूपे एकामागून एक येत गेली. दहा वर्षांत सहा मसुदे, आणि प्रत्येक वेळी हरकतींसाठी साठ दिवस. गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत सहा राज्यांतले सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. त्यापैकी महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रात नव्या खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांना पूर्ण बंदी असावी, आणि चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांच्या आत किंवा पट्ट्याची मुदत संपताच बंद व्हाव्यात, असे हा मसुदा म्हणतो. सहावा मसुदा निघाला त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे गाडली गेली होती. सहाव्यांदा मसुदा काढावा लागला याचा सरळ अर्थ असा की, आधीच्या पाच मसुद्यांचे नियम होऊ शकले नाहीत. ज्यांचा विरोध होता ते दर वेळी बोलले. ज्यांच्या विहिरी त्या पाण्यावर जगतात त्यांच्यापैकी किती बोलले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे.

व्हाळ म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याविषयीचे कर्तव्य ठरवता येणार नाही. आपल्याला वाहते पाणी दिसते, पण व्हाळाचा जन्म दिसत नाही. तो डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर होतो. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात सड्यावर पडलेले पाणी त्यात मुरते, खालच्या चिकणमातीच्या थरापाशी अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने हळूहळू बाहेर येते. म्हणून पाऊस थांबल्यावरही कित्येक महिने पाट वाहतो आणि वायंगणाचे भात पिकते. गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत जांभ्याखाली लोहखनिज आहे, आणि त्यातले भुसभुशीत खनिज स्वतःच पाणी धरून ठेवते. तिथे खाण खोदणे म्हणजे पाण्याची कोठीच उकरून काढणे. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी दिवसरात्र उपसावे लागते, आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात. एक टन खनिजामागे साधारण दोन ते तीन टन माती-दगड बाहेर पडतो. त्याचे डोंगराएवढे ढीग रचले जातात आणि पावसात ती लाल माती व्हाळात, व्हाळातून शेतात, शेतातून मांडवी-जुवारीच्या खोऱ्यात उतरते. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात होत होते; त्यामागे किती माती हलली असेल याचा हिशेब वाचकाने करावा. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावी जुलै २०२१ मध्ये खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा बांध फुटला आणि चिखल घरादारांत व शेतांत शिरला. असा व्हाळ एकदा बुजला की पुन्हा बांधता येत नाही. धरण बांधता येते, झरा बांधता येत नाही. धर्माच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे, कारण जी हानी भरून काढता येत नाही तिला प्रायश्चित्तही नसते.

‘पाणी पवित्र आहे’ हे वाक्य आपण इतक्या सहज उच्चारतो की त्याचा अर्थ हरवला आहे. आपल्या परंपरेत एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणजे तिच्याविषयी काही नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला जाब विचारला जातो. देवराई घ्या. राईत कुऱ्हाड लावायची नाही, कित्येक ठिकाणी पडलेले लाकूडही उचलायचे नाही, आणि काही करायचेच तर आधी देवाला कौल लावायचा. या बंधनांमुळेच राईतले झरे टिकले. नियम काढून घेतला तर राईत फक्त झाडे उरतात, आणि झाडे तोडली जातात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाणवठा आणि देवस्थान घाण करणाऱ्यांना एकाच ओळीत दंड सांगितला आहे. जैन विचाराने तर पाण्यालाच अप्काय जीव मानले आणि त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. ओडिशातल्या डोंगरिया कोंध लोकांच्या देवाचे नावच नियमराजा आहे, आणि त्याच्या डोंगराचे नाव नियमगिरी. डोंगराचा देव म्हणजे डोंगराचा कायदा, हे त्यांनी नावातच सांगून ठेवले आहे. तेव्हा नियम ही पावित्र्याबाहेरची, सरकारी, रूक्ष गोष्ट आहे असे मानणे चूक आहे. पावित्र्य टिकते ते नियमाच्या रूपानेच. पूर्वी तो नियम गावऱ्हाटी करत होती आणि राखणदाराच्या धाकाने तो पाळला जात होता. आज तो राजपत्रात छापला जातो. जागा बदलली म्हणून भाविकाचे कर्तव्य संपत नाही. ते त्या नव्या जागी जाते.

बोलण्याच्या कर्तव्याविषयी आपल्या ग्रंथांत सर्वांत कठोर विचार महाभारताच्या सभापर्वात आहे. द्रौपदीने सभेला प्रश्न विचारला आणि भीष्म-द्रोणांसारख्या जाणत्यांनी त्याचे स्पष्ट उत्तर दिले नाही. तेव्हा विदुराने प्रल्हादाची जुनी कथा सांगितली. त्या कथेत कश्यप पापाची वाटणी करतो: सभेत निंद्य गोष्ट घडत असता तिची निंदा झाली नाही, तर अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे जाते, पाव भाग करणाऱ्याकडे, आणि उरलेला पाव भाग गप्प बसलेल्या सभासदांकडे. हा हिशेब नीट पाहावा. करणारा आणि नुसते पाहत बसणारे यांचा वाटा सारखाच धरला आहे. सभेत बसलेला माणूस तटस्थ असू शकत नाही, असे महाभारत बजावते. आता ही सभा आज कुठे भरते ते बघा. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा आणि लेखी हरकतीही स्वीकारायच्या. पण त्याच अधिसूचनेत असेही म्हटले आहे की, या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे नोंदले जाते. जे आले नाहीत त्यांच्या मौनाने काहीही अडत नाही. उलट, ते मौन होकारासारखे कागदावर उमटते. त्याचाच अर्थ गैरहजर माणूसही त्या सभेत बसलेला असतो, आणि विदुराच्या हिशेबातला पाव भाग त्याच्याही नावावर चढतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, कायद्याच्या कामात धर्म आणू नये. झऱ्याला देव मानणे ही भावना आहे आणि खाणीचा निर्णय भूशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या आधारे व्हावा. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ‘आमची श्रद्धा आहे’ एवढ्यावर कोणीही नियम मागू नये, कारण उद्या दुसरा कोणी श्रद्धेच्याच नावाने खाण मागेल. पण श्रद्धेला कायद्यात जागाच नाही हे खरे नाही. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीतल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि तिथल्या लोकांच्या उपासनेच्या हक्कांवर काय परिणाम होतो याचा विचार त्यांनीच करावा असे सांगितले. न्यायिक अधिकाऱ्याच्या देखत बारा गावांच्या सभा झाल्या, आणि बाराही सभांनी खाण नाकारली. त्या सभांमध्ये बोलणारी माणसे देवाचे नाव घेत होती आणि त्याच दमात डोंगरातून निघणाऱ्या झऱ्यांविषयी, पिकांविषयी, कंदमुळांविषयीही सांगत होती. त्यांच्या बोलण्यात श्रद्धा आणि पुरावा वेगळे काढता येत नव्हते. दुसरीकडे १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, नद्या, वने, हवा ही सरकारची मालमत्ता नव्हे; सरकार त्यांचे विश्वस्त आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ती देवस्थानाच्या ठेवीसारखी आहेत. त्यांचा सांभाळ करायचा असतो, सौदा करायचा नसतो. विश्वस्ताला जाब विचारणे हा ज्यांच्यासाठी ठेव ठेवली त्यांचा हक्क असतो, आणि पुढच्या पिढ्यांना अजून तोंड नाही म्हणून आपले ते कर्तव्यही असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाणीवर हजारो घरांच्या चुली पेटतात. ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला, खाणावळ चालवणारी बाई यांना उपाशी ठेवणारा धर्म कसला? अर्थ हाही पुरुषार्थ आहे, आणि भुकेल्याला पावित्र्य सांगणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप झटकून टाकणाऱ्याने व्हाळावर प्रेम करण्याचा अधिकार गमावला असे मी म्हणेन. गोव्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांचे खरोखर हाल झाले. पण ते हाल नियमामुळे झाले की नियम वेळेवर न पाळल्यामुळे, हेही विचारले पाहिजे. २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते. म्हणजे पाच वर्षे जे चालले ते कायद्याच्या आधाराविना चालले. त्या काळात लोकांनी ट्रक घेतले आणि शेवटी ओझे त्यांच्याच खांद्यावर पडले. नियम आधी स्पष्ट असता आणि पाळला गेला असता, तर माणसांनी आपला प्रपंच त्याच्या हिशेबाने मांडला असता. त्याच निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला दहा टक्के भाग कायमच्या निधीत ठेवायला सांगितले, कारण खनिज एकदाच काढता येते. खनिज ही मुद्दल आहे, झरा हे व्याज. मुद्दल खर्चून व्याजही बुडवणारा व्यवहार कोणत्याही प्रपंची माणसाला शहाणपणाचा वाटणार नाही. ज्या शेतकऱ्याची विहीर आटली आणि भाताचा कुणगा लाल मातीखाली गेला, त्याचीही चूल ही चूलच आहे. तिचा हिशेब खाणीच्या रोजगाराच्या आकड्यात धरलेला नसतो. तो हरकतीतूनच नोंदला जाऊ शकतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: एका पत्राने काय होणार? फाइली धूळ खातात आणि निर्णय आधीच झालेला असतो. हे नेहमी खरे नसते. गोव्यातल्या केपे तालुक्यातल्या एका खाणीला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध उत्कर्ष मंडळाने दाद मागितली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, जनसुनावणीतल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने प्रत्यक्ष विचार केला पाहिजे आणि त्या का मान्य किंवा अमान्य केल्या याची कारणे दिली पाहिजेत. पण ज्या हरकती कोणी नोंदवल्याच नाहीत त्यांची कारणे कोण देणार? २०२० मध्ये जनसुनावणीचा अवधी तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणू पाहणारा मसुदा आला, तेव्हा हरकतींची संख्या लाखांच्या घरात गेली आणि तो मसुदा त्या रूपात अमलात आला नाही. मात्र याच्या उलटही घडते, ते लपवू नये. अमेरिकेत कोळसाखाणींपासून ओढ्यांना वाचवणारा नियम अनेक वर्षांच्या जनसुनावण्यांनंतर डिसेंबर २०१६ मध्ये झाला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या संसदेने तो रद्द केला. तेव्हा यशाची हमी कोणी देऊ शकत नाही. पण कर्तव्य यशाच्या हमीवर उभे असते का? फळावर हक्क न सांगता कर्म करावे, हा गीतेचा विचार आपण परीक्षेला जाणाऱ्या मुलांना ऐकवतो. त्याची खरी जागा इथे आहे. शिवाय गाऱ्हाणे घालणारा माणूस देव ऐकेलच अशी लेखी खात्री मागत नाही. तो आधी बोलतो, कारण बोलणे त्याच्या हातात आहे आणि ऐकणे देवाच्या.

चौथा आक्षेप घाटातल्या शेतकऱ्यांचा आहे. संवेदनशील क्षेत्र म्हणजे आमच्या घराला, आंब्या-काजूला, रस्त्याला बंदी, असे त्यांना सांगितले गेले आहे. मसुद्यातली बंदी खाणी, मोठी बांधकामे, औष्णिक वीज प्रकल्प आणि जास्त प्रदूषण करणारे उद्योग यांच्यावर आहे. शेती आणि बागायतीवर नाही. तरी भीती उरतेच, आणि तिचा दोष शेतकऱ्याचा नाही. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला, पण माहिती अधिकाराचा झगडा झाल्यावर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे ठेवावा आणि मर्यादा लोकांनीच ठरवाव्यात, असा गाडगीळांचा आग्रह होता. ते झाले नाही. जनसुनावणीचा अवधी कमी करू पाहणारा २०२० चा मसुदाही आधी इंग्रजी-हिंदीतच होता, आणि तो सर्व अनुसूचित भाषांत आणावा असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. मराठीत न समजलेल्या नियमावर मराठी माणसाने विश्वास का ठेवावा? म्हणूनच हरकत म्हणजे नुसता पाठिंबा नव्हे. ‘व्हाळाच्या उगमाजवळ खाण नको, पण माझ्या गोठ्याच्या दुरुस्तीला परवानगीचा फेरा नको’ असेही तिच्यात लिहिता येते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांनी संवेदनशील क्षेत्रात येण्याची तयारी ग्रामसभेत ठराव करून दाखवली होती, याची नोंद गाडगीळ समितीच्या अहवालातच आहे. जिथे माणसे एकत्र बसून बोलली तिथे भीतीपेक्षा पाणी मोठे ठरले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. जे बोलणे कोणाला उद्वेग देत नाही, सत्य असते, प्रिय आणि हितकर असते, ते तप. हरकत कशी लिहावी याचे याहून चांगले मार्गदर्शन मला माहीत नाही. तिच्यात शिवीगाळ नको आणि कोणाच्या हेतूवर शंकाही नको. व्हाळाचे गावातले नाव लिहा, कारण नकाशावर ते बहुधा नसते. तो कोणत्या सड्यावरून येतो, कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, किती विहिरी आणि किती शेते त्याच्यावर आहेत, त्याच्या काठी कोणते देवस्थान आहे, गेल्या काही वर्षांत पाणी कुठे लाल झाले, हे लिहा. नियमातले कोणते कलम ठेवावे आणि कोणते बदलावे ते सांगा. खाली सही करा आणि शेजाऱ्याची सही घ्या, म्हणजे गाऱ्हाण्याला ‘व्हय’ मिळेल. शहरात राहणाऱ्या माणसाने आपल्या नळाचे पाणी कोणत्या डोंगरातून येते ते शोधावे आणि त्या डोंगराच्या वतीने लिहावे. मुंबई-पुण्याचा चाकरमानी गावच्या जत्रेला हक्काने उभा राहतो, तसाच त्याने इथेही राहावे. देवळांच्या विश्वस्तांनी आणि कीर्तनकारांनी मसुद्याची तारीख फलकावर लावावी, ग्रामसभेआधी तो मराठीत वाचून दाखवावा. पुढची जनसुनावणी जाहीर होईल, पुढचा मसुदा येईल, तेव्हा दिवस मोजकेच असतील. देवासमोर तुम्ही गावासाठी पाऊस-पाणी मागता. तेच मागणे त्या दिवसांत कागदावर लिहून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मंत्रालयाकडे पाठवा. झऱ्याला बोलता येत नाही. त्याच्या वाटचे बोलणे आपल्याकडे आले आहे.